‘दि अपर हँड’: अर्थ, वापर आणि नेहमीच्या गफलती (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

‘टू हॅव दि अपर हँड’ या इंग्रजी वाक्प्रचाराबद्दल स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी, भाषांतरकार आणि ऑफिसात इंग्रजी पत्रव्यवहार करणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न प्राथमिक आहेत, पुढचे अडचणीचे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा न सांगता तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘टू हॅव दि अपर हँड’ म्हणजे नेमकं काय?

दोन पक्षांत चढाओढ, भांडण, सामना किंवा वाटाघाट चालू असताना त्या घडीला परिस्थितीचा ताबा ज्याच्याकडे असतो, त्याच्याकडे ‘अपर हँड’ आहे असं इंग्रजीत म्हणतात. या अर्थात तीन गोष्टी दडलेल्या आहेत. समोर कुणीतरी प्रतिपक्ष आहे. झुंज अजून संपलेली नाही. आणि आज असलेला ताबा उद्या दुसऱ्याकडे जाऊ शकतो.

उदाहरण: ‘दि टेनंट हॅज अ रजिस्टर्ड अॅग्रीमेंट, सो ही हॅज दि अपर हँड इन धिस डिस्प्यूट.’ म्हणजे, भाडेकरूकडे नोंदणी केलेला करार आहे, त्यामुळे या वादात सध्या त्याचं पारडं जड आहे. वाद तो जिंकलाच असं या वाक्यात कुठेही म्हटलेलं नाही.

बरीच गाइडं ‘अपर हँड म्हणजे फायदा’ एवढंच सांगून मोकळी होतात. खालच्या निम्म्या प्रश्नांचं मूळ त्या अर्धवट अर्थात आहे.

२. मराठीत याला काय म्हणायचं? प्रत्येक पुस्तकात वेगळा शब्द दिलेला असतो.

कारण एकच शब्द सगळीकडे बसत नाही. कुठला घ्यायचा ते प्रसंगावर ठरतं.

‘वरचढ असणे’ हा सर्वांत जवळचा. दोन माणसं, दोन संघ, दोन सैन्यं, कुठेही चालतो आणि त्यात निकाल गृहीत धरलेला नसतो. ‘पारडं जड असणे’ हे निकाल लागायचा आहे तिथे शोभतं: खटला, निवडणूक, सामना. ‘वरचष्मा असणे’ हे मुरलेल्या सत्तेबद्दल बोलतं. साखर कारखान्याच्या संचालक मंडळात एखाद्या गटाचा वरचष्मा असतो. दोन षटकांपुरता वरचष्मा असं कुणी म्हणत नाही. इंग्रजीत मात्र दोन षटकांपुरता ‘अपर हँड’ खुशाल असतो.

‘सरशी होणे’ आणि ‘बाजी मारणे’ हे निकालाचे शब्द आहेत. बातमीत ‘हॅज दि अपर हँड’ असताना भाषांतरात ‘बाजी मारली’ लिहिलं तर अर्थ सरळ चुकतो, कारण मूळ बातमीत अजून कुणी जिंकलेलं नाही. ‘कुरघोडी करणे’ यात डावपेच आणि थोडा खोडसाळपणा आहे. त्याच्या जवळ जाणारा इंग्रजी शब्द ‘वन-अपमनशिप’.

‘आघाडी’ म्हणजे ‘लीड’. ती मोजता येते: ४० धावांची, दोन जागांची. आघाडी असूनही ‘अपर हँड’ नसू शकतो. पहिल्या डावात ४० धावांची आघाडी मिळवलेला संघ दुसऱ्या डावात ५ बाद ३० असा अडचणीत सापडला, तर आघाडी त्याची आणि पारडं दुसऱ्याचं.

३. ‘वरचा हात’ असं शब्दशः भाषांतर केलं तर चालेल का?

नाही. मराठी वाचकाला ‘वरचा हात’ म्हटल्यावर काहीच बोध होत नाही, आणि ‘हात वर’ म्हटलं की उलटाच बोध होतो. ‘त्याने हात वर केले’ म्हणजे त्याने जबाबदारी झटकली. ‘कंपनीचे हात वर’ असं शीर्षक छापलं गेलं तर ग्राहक हवालदिल होतील, कंपनी वरचढ आहे असं कुणालाही वाटणार नाही.

‘अपर’ या शब्दाचीही एक गंमत आहे. सरकारी मराठीत अपर जिल्हाधिकारी, अपर मुख्य सचिव ही पदं आहेत. तिथला ‘अपर’ संस्कृतातून आलेला आहे, त्याचा अर्थ ‘अतिरिक्त’ किंवा ‘दुसरा’. इंग्रजी ‘अपर’शी त्याचा काही संबंध नाही.

४. उच्चार ‘द अपर हँड’ की ‘दि अपर हँड’? लिहिताना जोडून लिहायचं का?

‘अपर’ची सुरुवात स्वराने होते, म्हणून बोलताना ‘दि’. लिहिताना इंग्रजीत दोन वेगळे शब्द, मध्ये संयोगचिन्ह नाही. ‘अपरहँड’ असं जोडून लिहिणं चूक.

५. ‘अॅन अपर हँड’ चालतं का? आपल्याकडच्या इंग्रजी पेपरांत तर दिसतं.

भारतीय इंग्रजीत ते दिसतं हे खरं. प्रमाण इंग्रजीत मात्र या वाक्प्रचाराला ‘दि’ घट्ट चिकटलेला आहे. सामन्यात वरचढ जागा एकच असते आणि ती एका वेळी एकाकडेच असू शकते, म्हणून निश्चित आर्टिकल. परीक्षेत ‘अॅन अपर हँड’ला गुण मिळणार नाहीत, आणि आर्टिकल गाळून ‘ही हॅज अपर हँड’ लिहिलं तरीही नाहीत.

याच कारणाने अनेकवचन होत नाही. दोन खेळाडू मिळून वरचढ असले तरी ‘दे हॅव दि अपर हँड’, ‘हँड्स’ नाही. ‘मोअर अपर हँड’, ‘मच अपर हँड’ हेही चुकीचं. किती वरचढ आहे ते सांगायचं असेल तर क्रियाविशेषण क्रियापदाजवळ घाला: ‘दे क्लिअरली हॅव दि अपर हँड.’

६. सोबत कोणती क्रियापदं येतात?

स्थिती सांगायची असेल तर ‘हॅव’ किंवा ‘होल्ड’. बदल सांगायचा असेल तर ‘गेट’ किंवा ‘गेन’. टिकवणं ‘कीप’, गमावणं ‘लूज’, परत मिळवणं ‘रिगेन’. एखाद्या घटनेमुळे कुणी वरचढ झालं तर ‘गिव्ह’: ‘द लीक्ड मेमो गेव्ह द युनियन दि अपर हँड.’ फुटलेल्या टिपणामुळे कामगार संघटना वरचढ झाली.

‘मेक’ आणि ‘डू’ चालत नाहीत. ‘दि अपर हँड वॉज गेन्ड बाय देम’ अशी कर्मणी रचना व्याकरणात बसते, पण बोजड वाटते.

मराठी माणसाची हमखास होणारी चूक वेगळीच आहे: ‘वुई आर हॅविंग दि अपर हँड.’ आपण ‘आमचं पारडं जड होत आहे’ असं मनात म्हणतो आणि चालू काळ उचलतो. इंग्रजीत ‘हॅव’ इथे स्थितिदर्शक आहे, त्याला ‘आयएनजी’ लागत नाही. सध्या वरचढ आहोत तर ‘वुई हॅव’. हळूहळू वरचढ होत आहोत तर ‘वुई आर गेनिंग’ किंवा ‘गेटिंग’. ‘गेन’ आणि ‘गेट’ क्रियादर्शक आहेत, म्हणून तिथे चालू काळ बिनधास्त वापरा.

७. पुढे कोणतं शब्दयोगी येतं: ‘ओव्हर’, ‘ऑन’, ‘इन’ की ‘विथ’?

माणसापुढे ‘ओव्हर’, विषयापुढे ‘इन’. ‘शी हॅज दि अपर हँड ओव्हर हर पार्टनर इन द निगोशिएशन्स.’ भागीदारापेक्षा ती वरचढ, आणि कशात, तर वाटाघाटीत. खेळाच्या बातम्यांत प्रतिस्पर्ध्यापुढे ‘अगेन्स्ट’ही आढळतं.

‘ऑन’ इथे येत नाही. हा घोळ शेजारच्या वाक्प्रचारांमुळे होतो: ‘गेट द जंप ऑन समवन’ म्हणजे आधी हालचाल करून कुणाच्या पुढे जाणं, आणि ‘स्टील अ मार्च ऑन समवन’ म्हणजे दुसऱ्याला सुगावा लागू न देता आधी पाऊल टाकून आघाडी घेणं. या दोन्हींत ‘ऑन’ हवाच. दुसरा जुन्या लढायांतून आला: शत्रू बेसावध असताना सैन्याने रातोरात कूच करायचं. छापा घालून शत्रूच्या आधी घाट गाठणाऱ्या मराठा तुकड्यांना तो छान लागू पडतो.

८. ‘मला इंग्रजी येतं, म्हणून नोकरीत मला अपर हँड आहे’ हे बरोबर आहे का?

नाही, आणि हीच सर्वांत जास्त होणारी चूक आहे. या वाक्यात प्रतिपक्ष कोण? दोनशे अनोळखी अर्जदार. त्यांच्याशी तुमची झटापट चालू नाही, ताबा कुणाकडे हा प्रश्नच उद्भवत नाही. इथे ‘अॅन अॅडव्हांटेज’ किंवा ‘अॅन एज’ म्हणा.

तेच तुम्ही मुलाखत पार करून पगाराच्या बोलणीला बसलात, तुमच्याकडे दुसऱ्या कंपनीचं ऑफर लेटर आहे आणि या कंपनीला जागा महिन्याभरात भरायचीच आहे, तर समोरासमोर दोन पक्ष झाले. आता ‘आय हॅव दि अपर हँड’ अगदी चपखल बसतं.

वापरण्याआधी स्वतःला विचारा: कुणावर? उत्तरात एक नाव किंवा एक पक्ष आला नाही तर हा वाक्प्रचार सोडून द्या. भावनांच्या बाबतीत या कसोटीला एक अपवाद आहे, तो प्रश्न १६ मध्ये.

९. ‘एज’ आणि ‘अपर हँड’ यांत फरक काय?

‘एज’ म्हणजे उन्नीस-बीसचा फरक. तो थोडा असतो, बरेचदा मोजता येतो, आणि स्पर्धक दोन असोत की वीस, चालतो. दोन मोबाइल फोनपैकी एकाची बॅटरी तासभर जास्त टिकते, तर ‘इट हॅज दि एज’. फोन दुसऱ्या फोनवर ताबा मिळवत नाही, त्यामुळे तिथे ‘अपर हँड’ हास्यास्पद होईल.

व्याकरणातही फरक आहे. ‘एज’ला ‘अॅन’ आणि ‘दि’ दोन्ही चालतात. त्याला विशेषणं सहज लागतात: ‘स्लाइट एज’, ‘कॉम्पिटिटिव्ह एज’, ‘डिसायसिव्ह एज’. पुढे ‘ओव्हर’ येतं, कधी ‘ऑन’ही.

क्रिकेटच्या बातमीत मात्र सांभाळा. ‘ही गॉट अॅन एज’ म्हणजे बहुतेक वेळा चेंडू बॅटची कड घेऊन गेला. ‘इंडिया हॅव दि एज’ म्हणजे भारत किंचित वरचढ. वाक्यात एक फलंदाज आहे की संघ, हे पाहिलं की उलगडतं. आणि ‘ऑन एज’ तिसरंच: अस्वस्थ, तणावात असणं.

१०. ‘हेड स्टार्ट’, ‘लेग अप’, ‘इनसाइड ट्रॅक’ हे सगळे समानार्थी ना?

शब्दकोशात शेजारी असतात एवढंच. फायदा कधी मिळाला आणि कुणाकडून मिळाला, यावर ते वेगळे होतात.

‘हेड स्टार्ट’ शर्यत सुरू होण्याआधी किंवा सुरू होतानाच मिळतो. धाकट्या भावाला दहा पावलं पुढे उभं करून धावायला लावलं, तर त्याला ‘हेड स्टार्ट’ दिला. याला ‘अ’ लागतो: ‘अ हेड स्टार्ट’.

‘लेग अप’ दुसऱ्याच्या मदतीने मिळतो. घोड्यावर चढताना खालचा माणूस पाय हाताच्या ओंजळीत घेऊन वर उचलतो, तिथून ही भाषा आली. शिष्यवृत्ती, ओळखीच्या माणसाने मिळवून दिलेलं पहिलं काम, काकांनी दिलेलं भांडवल, हे सगळं ‘अ लेग अप’. स्वतःच्या अभ्यासाने मिळवलेल्या गुणांना ‘लेग अप’ म्हणणं तितकंसं बरं नाही. एक धोका मात्र लक्षात ठेवा: ब्रिटिश बोलीत ‘गेट युअर लेग ओव्हर’ याचा अर्थ अश्लील आहे. ‘अप’च्या जागी ‘ओव्हर’ गेलं तर मुलाखतीत समोरचे हसू दाबतील आणि तुम्हाला कारण कळणार नाही.

‘इनसाइड ट्रॅक’ म्हणजे आतल्या गोटातली ओळख किंवा माहिती यामुळे मिळालेली सोयीची जागा. ‘शी हॅज दि इनसाइड ट्रॅक फॉर द प्रमोशन.’ यात वशिल्याचा वास असतोच असं नाही, पण संशयाला जागा असते. निव्वळ गुणवत्तेचं कौतुक करायचं असेल तर हा वाक्प्रचार टाळा.

११. पण ४०० मीटरच्या धावपट्टीवर आतल्या लेनमध्ये धावणाऱ्याला फायदा नसतो. मग ‘इनसाइड ट्रॅक’ फायद्याचा कसा?

रास्त शंका. लेन ठरवून दिलेल्या शर्यतीत सुरुवातीच्या रेषा पायऱ्यापायऱ्यांनी पुढे सरकवलेल्या असतात. लेनची रुंदी साधारण १.२२ मीटर असते, त्यामुळे ४०० मीटरमध्ये बाहेरच्या प्रत्येक लेनचा धावपटू आतल्यापेक्षा सुमारे ७ ते ८ मीटर पुढून सुटतो आणि सगळ्यांचं अंतर सारखं होतं. उलट सर्वांत आतल्या लेनचं वळण जास्त तीव्र असल्याने ती धावपटूंना फारशी आवडत नाही.

वाक्प्रचार मात्र आखलेल्या लेन नसलेल्या शर्यतींतून आला, मुख्यतः घोड्यांच्या. तिथे सगळे एका रेषेतून सुटतात आणि वळणावर आतल्या कुंपणाला लागून धावणाऱ्याला खरोखरच कमी अंतर कापावं लागतं.

१२. ‘व्हिप हँड’ म्हणजे तेच का?

अर्थाची दिशा तीच, धार जास्त. घोडागाडी हाकणाऱ्याचा चाबूक धरलेला हात, यावरून तो सतराव्या शतकात रूढ झाला. ‘अपर हँड’मध्ये प्रतिपक्ष लढत असतो. ‘व्हिप हँड’ असलेला माणूस दुसऱ्याला हवं तसं वागायला लावू शकतो. मराठीत ‘नाड्या हातात असणे’ किंवा थोडं गावरान ‘शेंडी हातात असणे’ हे त्याच्या जवळचं.

सावकार आणि कर्जदार, एकमेव पुरवठादार आणि त्याच्यावर अवलंबून कारखाना, अशा ठिकाणी ‘व्हिप हँड’ योग्य. दोन तुल्यबळ संघांच्या सामन्यात तो भडक वाटतो. आर्टिकल इथेही ‘द’, शब्दयोगी इथेही ‘ओव्हर’.

१३. ‘एस अप युअर स्लीव्ह’ आणि आपला हुकमाचा एक्का एकच का?

नाही. बाहीत लपवलेला एक्का म्हणजे पत्त्यांतली लबाडी. आज वाक्प्रचार म्हणून त्यातली लबाडी पुसट झाली आहे आणि ‘योग्य वेळी बाहेर काढायचं राखून ठेवलेलं अस्त्र’ एवढाच अर्थ उरला आहे, तरी लपवाछपवीची छटा राहतेच. अमेरिकेत ‘एस इन द होल’ म्हणतात. तो स्टड पोकरमधल्या पालथ्या ठेवलेल्या पत्त्यावरून आलेला आहे आणि त्यात लबाडी मुळीच नाही.

हुकमाचा एक्का म्हणजे ‘ट्रम्प कार्ड’. तो लपवलेला असेलच असं नाही, सगळ्यांना ठाऊक असूनही तो चालतो. म्हणून संघातल्या सर्वांत भरवशाच्या गोलंदाजाला ‘हुकमी एक्का’ म्हणतात, तेव्हा इंग्रजीत ‘ट्रम्प कार्ड’ घ्या, बाही नको.

‘अपर हँड’शी या साऱ्यांचं नातं असं: एक्का हे साधन, ‘अपर हँड’ ही त्या साधनाने मिळणारी स्थिती. एक्का हातात असून अजून खेळला नसेल, तर पारडं दुसऱ्याचंच जड असू शकतं.

१४. हा वाक्प्रचार बेसबॉलच्या बॅटवरून आला असं वाचलं. खरं आहे का?

गोष्ट छान आहे, पण काळाशी जुळत नाही. सांगतात ते असं: अमेरिकेत मुलं संघ निवडताना एक कर्णधार बॅट उभी धरतो, दुसरा त्याच्या मुठीवर आपली मूठ ठेवतो, असं करत हात वर सरकतात, आणि सर्वांत वरची पकड ज्याची त्याला आधी खेळाडू निवडायचा मान. त्यावरून ‘अपर हँड’.

बेसबॉलचे निकरबॉकर नियम, म्हणजे या खेळाचे सुरुवातीचे लेखी नियम, लिहिले गेले १८४५ मध्ये. ‘अपर हँड’ वर्चस्वाच्या अर्थाने इंग्रजीत पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सापडतो, आणि त्याच अर्थाचा ‘ओव्हर हँड’ त्याहूनही जुना आहे. म्हणजे हे नियम येण्याआधी सुमारे साडेतीनशे वर्षं शब्द वापरात होता.

अँग्लिकन चर्चच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात नवव्या स्तोत्राची एक ओळ आहे: ‘अप, लॉर्ड, अँड लेट नॉट मॅन हॅव दि अपर हँड.’ हे प्रभो, ऊठ, माणसाला वरचढ होऊ देऊ नकोस. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये त्याच ओळीत ‘लेट नॉट मॅन प्रिव्हेल’ आहे. दोन भाषांतरं शेजारी ठेवली की जुन्या काळी या शब्दाचा अर्थ किती भारदस्त होता ते दिसतं. ‘थोडासा फायदा’ असा तो तेव्हाही नव्हता. कुस्तीतल्या पकडीवरून तो आला असावा असा एक तर्क मांडला जातो. तो तर्कच आहे, पण निदान काळाशी विसंगत नाही.

१५. याच्या उलट काय म्हणायचं? ‘लोअर हँड’?

‘लोअर हँड’ जुन्या इंग्रजीत क्वचित आढळतो, आज कुणी वापरत नाही. आज म्हणतात ‘अॅट अ डिसअॅडव्हांटेज’, किंवा ‘ऑन द बॅक फूट’. दुसरा क्रिकेटमधून आला आहे. भारतात आणि ब्रिटनमध्ये तो सर्रास चालतो, अमेरिकी माणसाला लिहिताना मात्र पहिलाच बरा.

कुणीच वरचढ नसेल तर ‘नायदर साइड हॅज दि अपर हँड’. ‘बोथ साइड्स हॅव दि अपर हँड’ मात्र तर्कालाच धरून नाही, कारण प्रश्न ५ मध्ये आहे. ‘बोथ साइड्स क्लेम टू हॅव दि अपर हँड’ चालतं. दावा दोघेही करू शकतात आणि युद्धाच्या बातम्यांत करतातच.

१६. माणूस सोडून इतर कशाला वापरता येतं का? भीती, आजार, पाऊस?

भावनांना, हो. ‘फिअर गेन्ड दि अपर हँड ओव्हर रीझन.’ भीतीने विवेकावर मात केली. इथे झगडा मनातल्या मनात असतो, पण पक्ष दोनच असतात. आजारालाही चालतं: संसर्ग आणि शरीराची प्रतिकारशक्ती यांची झुंज कल्पून. पावसाला नको. पाऊस कुणाशी लढत नाही, तो सामना वाहून नेतो इतकंच.

एक बारकावा. भावना एकाच माणसावर आणि एका क्षणापुरती स्वार झाली तर इंग्रजीत ‘गेट द बेटर ऑफ’ जास्त सहज येतं: ‘क्युरिऑसिटी गॉट द बेटर ऑफ हर.’ तिला राहवलं नाही आणि तिने पाकीट उघडलं. झुंज बराच वेळ चालली असेल तर ‘अपर हँड’.

१७. बातमीचं भाषांतर करताना नेमकं कसं ठरवायचं?

क्रम असा ठेवा: आधी दोन पक्ष शोधा, मग वाक्य कोणत्या घडीबद्दल आहे ते पाहा, मग क्षेत्र. मराठी शब्द त्यानंतर.

मार्च २००१ ची ईडन गार्डन्सवरची कसोटी घेऊ, कारण तिच्यात पारडं फिरताना स्पष्ट दिसतं. ऑस्ट्रेलियाच्या ४४५ धावा. दुसऱ्या दिवसाअखेर भारत ८ बाद १२८. त्या संध्याकाळी कुणी लिहिलं असेल ‘ऑस्ट्रेलिया हॅव दि अपर हँड’, तर भाषांतर ‘ऑस्ट्रेलियाची सामन्यावर पकड’. क्रीडापानात ‘पकड’ हा शब्द फार उपयोगी आहे. भारत १७१ धावांत बाद झाला, २७४ धावांनी मागे, फॉलोऑन. तिसऱ्या दिवसाअखेर भारत ४ बाद २५४: लक्ष्मणचं शतक झालेलं, तरी भारत २० धावांनी मागेच. इथे ‘इंडिया गेन्ड दि अपर हँड’ लिहिणं घाईचं ठरेल. ‘भारताची झुंज’ बरोबर.

चौथ्या दिवशी लक्ष्मण आणि द्रविड दिवसभर बाद झाले नाहीत, भारत ४ बाद ५८९, आघाडी ३१५. आता ‘इंडिया हॅव रेस्टेड दि अपर हँड’ म्हणता येतं. हा ‘रेस्ट’ डब्ल्यूने सुरू होणारा, विश्रांतीचा नव्हे: त्याचा अर्थ हिसकावून घेणं. मराठीत ‘भारताने सामना फिरवला’. पाचव्या दिवशी भारत १७१ धावांनी जिंकला, तेव्हा ‘अपर हँड’ची भाषा संपली. सामना संपल्यावर ‘विन’, ‘बीट’, ‘डिफीट’.

जाता जाता: ब्रिटिश वळणाच्या क्रीडालेखनात संघाला अनेकवचनी क्रियापद येतं, म्हणून वर ‘इंडिया हॅव’. परीक्षेत देशाबद्दल प्रश्न असेल तर ‘इंडिया हॅज’.

१८. आयईएलटीएसमध्ये किंवा अहवालात वापरावा का?

आयईएलटीएस या इंग्रजीच्या चाचणीत, तोंडी परीक्षेत खुशाल. तिथल्या सातव्या बँडच्या (गुणश्रेणीच्या) निकषांत कमी प्रचलित आणि वाक्प्रचारयुक्त शब्दसंपदेचा थोडाफार वापर अपेक्षित आहे. पण तिथेच शब्दांच्या जोड्यांची जाणही तपासली जाते, म्हणून ‘अॅन अपर हँड ऑन’ म्हणालात तर वाक्प्रचाराचा उपयोग शून्य. लेखी निबंधात एखाद्या वेळी चालेल. शोधनिबंध, तांत्रिक अहवाल, न्यायालयीन कागदपत्रं यांत ‘अॅडव्हांटेज’ किंवा ‘डॉमिनंट पोझिशन’ लिहा.

१९. ग्राहकाला मेल लिहिताना ‘वुई हॅव दि अपर हँड’ लिहिलं तर?

लिहू नका. त्यातून दोन गोष्टी कळतात: तुम्ही त्यांना प्रतिपक्ष मानता, आणि त्यांना दाबण्याची तुमची तयारी आहे. स्वतःच्या टीममध्ये बोलायला हे ठीक. समोरच्याला सांगायचं असेल तर ‘वुई आर वेल प्लेस्ड टू हेल्प’ अशा धर्तीवर सांगा. मेल पुढे पाठवताना खाली जुना संवाद चिकटून जातो, तोही एकदा पाहा.

घरातल्या नात्यांबद्दलही तेच. ‘माय वाइफ हॅज दि अपर हँड’ हे मित्रांत विनोद म्हणून खपतं, पण परक्या माणसाला वाटतं की घरात सत्तेची ओढाताण चालू आहे.

२०. परीक्षेत पर्याय कसे फसवतात?

बहुतेक वेळा ‘हँड’च्या इतर वाक्प्रचारांचे अर्थ पर्यायांत टाकलेले असतात. ‘हाय-हँडेड’ म्हणजे अरेरावीचा. ‘अंडरहँड’ म्हणजे छुपा, लबाडीचा. ‘ऑफहँड’ म्हणजे तुटक, किंवा पूर्वतयारीशिवाय. ‘आउट ऑफ हँड’ म्हणजे हाताबाहेर गेलेलं. ‘विन हँड्स डाउन’ म्हणजे आरामात जिंकणं. यातला शेवटचा जास्त फसवतो, कारण तोही सरशीबद्दलच आहे. पण तो निकालाबद्दल बोलतो.

चूक शोधा प्रकारात असं वाक्य येऊ शकतं: ‘ही हॅज गॉट अपर हँड ऑन हिज रायव्हल्स.’ चुका दोन: ‘दि’ नाही, आणि ‘ऑन’च्या जागी ‘ओव्हर’ हवं. ‘हॅज गॉट’ मात्र बरोबर आहे, त्याला हात लावू नका.

२१. क्रिकेटचे समालोचक ‘टॉप हँड’ म्हणतात, तो हाच का?

नाही, तो खराखुरा हात आहे. बॅट धरताना दांड्यावर जो हात वर असतो तो ‘टॉप हँड’, खालचा ‘बॉटम हँड’. उजव्या फलंदाजाचा वरचा हात डावा. सरळ बॅटने ड्राइव्ह मारताना वरच्या हाताने दिशा राखली जाते. खालच्या हाताचा जोर जास्त झाला की बॅटचं पान वळतं आणि चेंडू हवेत उडतो. ‘टू मच बॉटम हँड’ ही समालोचकाची तक्रार असते ती याबद्दल.